अलमूत : गरुडाची शाळा, गरुडाचं घरटं की सरळ मौत?

चौकस_बाळू | शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

धागा काढायला कारण आमचा भाचा. नववीत आहे, सुट्टीला आलाय आणि दिवसभर मोबाइलवर कसलासा गेम खेळतो, ज्यात टोपडं ओढलेले मारेकरी भिंतीवर पालीसारखे चढत असतात. त्यातून त्याला इराणमधल्या अलमूत किल्ल्याचा शोध लागला. काल पानावर बसल्या बसल्या म्हणाला, "मामा, अलमूत म्हणजे अल-मौत. मृत्यूचा किल्ला. म्हणून तर तिथे मारेकरी राहायचे."

मी म्हटलं, अरे, स्वतःच्या घरावर अशी पाटी कोण लावेल? तर पठ्ठ्याने फारसी नकाशाच पुढे केला. निवृत्तीनंतर दोन वर्षं उर्दू गिरवतोय, तेवढ्या जोरावर वाचलं : अलिफ, लाम, मीम, वाव, ते. आता अरबीत 'अल-मौत' लिहायचं तर काय लिहाल? अलिफ, लाम, मीम, वाव, ते! काडीचा फरक नाही. वरण गार झालं आणि मी गप्प झालो.

मला आठवतं ते 'गरुडाचं घरटं'. एका जुन्या मासिकात वाचलेलं. पण भाच्यापुढे पुरावा हवा. जाणकारांनी मदत करावी.

-----

गडवेडा | शुक्रवार, रात्री १०:१५

बाळूकाका, घरटंच. आधी जागा समजून घ्या म्हणजे नाव पटेल. एल्बुर्झच्या रांगेत, कझवीन शहराच्या ईशान्येला, समुद्रसपाटीपासून जवळपास २१०० मीटरवर एक सुटा कातळ उभा आहे. पायथ्याला गाझोरखान नावाचं गाव. फोटो बघा, चहूबाजूंनी तुटलेले कडे आणि माथ्यावर लांबट अरुंद जागा. आपल्याकडे असा सुळका दिसला की लोक घार-गरुडाचंच नाव ठेवणार.

हसन सब्बाहने १०९० मध्ये तो ताब्यात घेतला, १२५६ मध्ये हुलागू खानाच्या मोंगलांपुढे पडला. मधली १६६ वर्षं निझारी इस्माइलींची, म्हणजे शिया मुसलमानांच्या एका पंथाची, राजधानी. हसन त्यांचा म्होरक्या. बाकी विकी बाबा आहेतच.

-----

खट्याळ_मुनी | शुक्रवार, रात्री ११:०२

"असा सुळका दिसला की गरुडाचंच नाव ठेवणार" हा पुरावा नव्हे हो, ही इच्छा आहे. कुठल्या शब्दाचा अर्थ गरुड आणि कुठल्याचा घरटं, तेवढं सांगा. फारसीत घरट्याला आशियाना म्हणतात, हिंदी गाण्यांच्या कृपेने आपल्याला पाठ आहे. गरुडाला उकाब. 'अलमूत'मध्ये यातलं काय दिसतंय?

-----

तेहरानी_पोहे | शनिवार, सकाळी ७:२०

सुप्रभात. नोकरीनिमित्त तीन वर्षं तेहरानला होतो, तेव्हा एकदा जाऊन आलोय. जाणकार वगैरे नाही, पाहिलं ते सांगतो.

कझवीनहून टॅक्सी केली. घाट, मग खाली शाहरूद नदीचं खोरं, मग परत चढ. ड्रायव्हर तासभर गप्प होता. कातळ दिसल्यावर स्टिअरिंगवरचा एक हात उचलून पंजा पसरला, बोटं खाली वाकवली आणि तो पंजा डॅशबोर्डवर अलगद टेकवला. "ओकाब," म्हणाला. गरुड असा येऊन बसला, असं दाखवत होता.

गाझोरखानमध्ये चेरीच्या बागा आहेत. तिथून पायऱ्यांनी वर. वर फारसं काही नाही, खोदलेल्या टाक्या, अर्धवट भिंती आणि त्यांना टेकू दिलेले लोखंडी सांगाडे. रायगडाच्या अपेक्षेने गेलात तर हिरमोड होईल. पण कड्यावरून खाली पाहिलं की पोटात गोळा येतो.

एक गोष्ट कानाला जाणवली. 'अलमूत' म्हणताना लोक जोर शेवटी देतात, अलमूऽत. आणि 'मौत' कुणीच म्हणत नाही. 'मूत'च. (आपल्याकडच्या पोरांना हे सांगू नका, हसत सुटतील.) गावातली माणसं बऱ्याचदा नुसतं 'हसन सब्बाहचा किल्ला' म्हणतात, कारण अलमूत हे आता सगळ्या खोऱ्याचंच नाव झालंय.

-----

शब्दवेल्हाळ | शनिवार, सकाळी ११:३५

बाळूकाका, छान धागा. मुनींचा प्रश्न रास्त आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मौत काढून टाकू. अक्षरं तीच, हे खरं. पण अरबी लिपी ऱ्हस्व स्वर लिहीत नाही, त्यामुळे एकच अक्षरमाळ दोन तऱ्हांनी वाचता येते. मारवाडी व्यापाऱ्यांच्या महाजनी लिपीत काना-मात्रांचा घोळ झाला की 'काका अजमेर गेले'चं 'काका आज मर गेले' होतं म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. शिवाय नाव अरबांनी ठेवलेलं नाही. हा दैलम मुलूख, कॅस्पियनच्या दक्षिणेचा डोंगराळ भाग, तिथली बोली इराणी. शत्रूंना मात्र हा योगायोग आवडला असणार.

आता जुनी कथा. इब्न अल-असीर (११६०–१२३३) या मोसुलच्या इतिहासकाराने ती दिली आहे. दैलमचा एक राजा शिकारीला गेला, सोडलेला गरुड उडत उडत या कातळावर जाऊन बसला. राजा मागोमाग पोचला, जागा किती बळकट आहे हे त्याच्या लक्षात आलं, त्याने तिथे किल्ला बांधला आणि नाव ठेवलं 'आलुह आमूत'. इब्न अल-असीर अर्थही देतो, अरबीत : 'तालीम अल-उकाब'. तालीम हा शब्द आपल्याला सांगायला नको. गरुडाची शिकवण.

म्हणजे आलुह = गरुड, आमूत = शिकवलं. यात घरटं कुठेच नाही.

-----

गडवेडा | शनिवार, दुपारी १२:१०

मग सगळीकडे 'ईगल्स नेस्ट' का लिहिलेलं असतं?

-----

शब्दवेल्हाळ | शनिवार, दुपारी १:२५

कारण हमदुल्ला मुस्तौफी. चौदाव्या शतकातला, खुद्द कझवीनचा, म्हणजे अलमूतचा शेजारीच. १३४० च्या सुमाराच्या आपल्या भूगोलग्रंथात तो 'आशियाना-ए-उकाब' म्हणतो. पण लोक इथेच वाचायचं थांबतात. पुढे तो म्हणतो : जिथे गरुड आपल्या पिलांना शिकवी ते घरटं. 'आमूत'चा अर्थ त्यालाही शिकवणे हाच ठाऊक आहे. गरुड कुठे शिकवतो, तर घरट्यात, म्हणून घरटं आलं. ते स्पष्टीकरण होतं, शब्दार्थ नव्हता. नंतरच्यांनी शेपूट कापलं आणि 'गरुडाचं घरटं' तेवढं उरलं.

माझं मत विचाराल तर घरटं हे भाषांतर नाहीच. घरट्याला 'आमूत' म्हणणारी कुठलीही बोली मला माहीत नाही. शिकवण्याला 'आमूत' म्हणण्याची वाट मात्र सरळ दिसते. फारसीत शिकणे-शिकवणे = आमोख्तन, त्याचं भूतकाळी रूप आमोख्त. कॅस्पियनकाठच्या बोलींत 'ख्त'मधला 'ख' गळतो. फारसी सोख्तन (जळणे), माझंदरानीत बसूतन. फारसी फरोख्तन (विकणे), तिकडे बरूतन. आपल्या जुन्या दस्तांतला 'खरेदी-फरोक्त'मधला फरोक्त तो हाच. म्हणून आमोख्तचं आमूत होणं हे त्या डोंगरात रोजचंच.

-----

खट्याळ_मुनी | शनिवार, दुपारी २:००

उत्तरार्ध मान्य. पूर्वार्धाचं काय? आलुह कुठून आला? उकाबशी तर काही संबंध दिसत नाही.

आणि कथेबद्दल. राजा शिकारीला जातो, काहीतरी चमत्कारिक बघतो आणि तिथे शहर वसवतो, ही गोष्ट मी किती वेळा ऐकू? अहमदाबादला ससा कुत्र्यांवर उलटला, विजयनगरलाही ससाच. दैलममध्ये ससे कमी पडले असतील म्हणून गरुड. नाव आधी, गोष्ट मागून, असा माझा साधा हिशेब.

-----

शब्दवेल्हाळ | शनिवार, दुपारी ४:५०

मुनी, कथा मागून आली असेल यावर माझं भांडण नाही. गोष्ट खोटी आणि शब्दार्थ खरा, असंही होऊ शकतं की.

उकाब अरबी आहे. आलुह अस्सल इराणी, आणि हा या धाग्यातला माझा सगळ्यात आवडता भाग, तेव्हा चहा घेऊन बसा.

शेजारी शेजारी ठेवून बघा. संस्कृत शरद्, फारसी साल. संस्कृत हृद्, फारसी दिल. संस्कृत बृहत्, फारसी बुलंद. तिन्ही जोड्यांत जुन्या इराणीत र आणि द शेजारी होते, त्यांचा पुढे ल झाला. आपण 'गेल्या साली' म्हणतो तेव्हा शरद ऋतूच मोजत असतो, फक्त इराणमार्गे.

दुसरी खूण. संस्कृतच्या काही 'ज'च्या जागी जुन्या फारसीत 'द' येतो. आपलं जाण, त्यांचं दान (म्हणून न जाणणारा तो नादान). आपला जुष् धातू, आवडणे, त्यांचा दोस्त.

तिसरी. जुना 'फ' पुढे 'ह' होतो. डोंगराला इराणच्या प्राचीन सम्राट दारयवहूच्या (डरायस) शिलालेखांच्या भाषेत कौफ, आजच्या फारसीत कोह. कोहिनूरमधला.

आता ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात या. इंद्रासाठी सोम घेऊन येणारा जो श्येन (ससाणा) आहे, त्याचं विशेषण आहे 'ऋजिप्य', सरळ झेप घेणारा. याचंच इराणी भावंड घ्या आणि वरच्या तिन्ही खुणा एकेक करून लावा. ज चा द : अर्दुफ्य (हे अभ्यासकांनी मागे जाऊन बांधलेलं रूप, म्हणून त्यावर तारा लावतात). र्द चा ल : आलुफ. फ चा ह : आलुह. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातही हा शब्द आहे, आणि आर्मेनियन लोक आजही गरुडाला आर्त्सिव म्हणतात, तो याच कुळातला.

थोडक्यात, वेदात जे विशेषण होतं ते इराणात पक्ष्याचं नावच झालं. अलमूतच्या पहिल्या दोन अक्षरांत सोम आणणारा ससाणा दडून बसलाय.

-----

चौकस_बाळू | शनिवार, सायंकाळी ५:१५

ताई, दंडवत. शरद आणि साल! भाच्याला मराठीच्या व्याकरणात जेमतेम ३५ पडतात, पण 'नादान'वर त्याने कान टवकारले.

-----

मोडीप्रेमी | शनिवार, रात्री ८:३०

एक गंमत कुणी अजून सांगितली नाही. जुने फारसी लेखक म्हणतात की या किल्ल्याच्या नावातच तो घेतल्याचं वर्ष आहे. अबजद पद्धत : प्रत्येक अक्षराला आकडा, बेरीज म्हणजे साल. आपल्याकडच्या कटपयादीसारखं. दख्खनच्या सुलतानी शिलालेखांत असली कालगणना भरपूर सापडते.

हसन सब्बाह किल्ल्यात शिरला हिजरी ४८३ मध्ये, म्हणजे सप्टेंबर १०९०. करा बेरीज.

-----

खट्याळ_मुनी | शनिवार, रात्री ९:०५

केली. अलिफ १, लाम ३०, मीम ४०, वाव ६, ते ४००. एकूण ४७७. सहा वर्षं उशीर केला की हसनरावांनी!

-----

मोडीप्रेमी | शनिवार, रात्री ९:४०

मुनी, तुम्ही आजचं नाव मोजलंत. पूर्ण नाव घ्या, आलुह आमूत.

अलिफ १
लाम ३०
हे ५
अलिफ १
मीम ४०
वाव ६
ते ४००

४८३. झिजताना जे 'हे' आणि 'अलिफ' गळाले त्यांचेच सहा तुम्हाला कमी पडले होते. मुस्तौफीही याला अजब योगायोग म्हणतो.

-----

गडवेडा | शनिवार, रात्री ९:४४

अंगावर काटा!!!

-----

शब्दवेल्हाळ | शनिवार, रात्री १०:२०

काटा येऊ द्या, पण एक बारीक गोष्ट बघा. 'आमोख्त' असं लिहिलं असतं तर 'खे'चे ६०० वाढून बेरीज १०८३ झाली असती. म्हणजे ही बेरीज जुळवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे 'ख' नसलेलं, बोलीतलं रूपच होतं. नाव हसनच्या दोन-अडीचशे वर्षं आधीचं, तेव्हा मुद्दाम बसवलेलं नाही हे नक्की. पण लेखनाच्या दोन-तीन तऱ्हांपैकी जी जुळते तीच लोकांनी पूर्ण नाव म्हणून जपली, असं झालं असेल का? मला तसा संशय आहे.

-----

खट्याळ_मुनी | शनिवार, रात्री १०:३१

शेवटी कुणीतरी माझ्या भाषेत बोललं.

-----

माझगावकर | रविवार, सकाळी १०:०५

मंडळी, नावाचा कीस चाललाय, पण अलमूत आपल्यापासून वाटतं तितकं लांब नाही. १८६६ मध्ये मुंबई हायकोर्टात आगाखान (निझारी इस्माइलींचे इमाम) खटला उभा राहिला, खोजा समाजाच्या मालमत्तेवर आणि नेतृत्वावर कुणाचा हक्क, यावरून. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांना निकाल देताना थेट हसन सब्बाह आणि अलमूतपर्यंत मागे जावं लागलं. पहिल्या आगाखानांची वंशपरंपरा अलमूतच्या इमामांशी जोडलेली मानली गेली. ते १८८१ मध्ये वारले, त्यांची कबर माझगावातच हसनाबादला आहे. पांढरा घुमट. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं.

आणखी एक. व्लादिमीर इवानोव नावाचा रशियन अभ्यासक मुंबईत राहून इस्माइली ग्रंथ छापत असे. अलमूत आणि त्याच्याच जवळचा लमसर किल्ला यांवरचं त्याचं पुस्तक १९६० मध्ये निघालं.

भाच्याला हेही सांगा की तिथे 'फक्त मारेकरी राहायचे' हे काही खरं नाही. नसीरुद्दीन तूसीसारखा गणिती-ज्योतिषी या किल्ल्यांत वर्षानुवर्षं राहून लिहीत होता. ग्रंथालय नावाजलेलं होतं. १२५६ मध्ये किल्ला पडला तेव्हा हुलागूबरोबरच्या जुवैनी या इतिहासकाराने परवानगी काढून ते चाळलं, कुराणाच्या प्रती आणि वेधयंत्रं बाजूला काढली आणि बाकीच्यातलं जे त्याच्या मते पाखंड होतं ते जाळलं. त्याआधी हसन सब्बाहचं चरित्र वाचून त्यातला मजकूर उतरवून घेतला, म्हणून आज आपल्याला काही कळतं. जाळणाराच आपला साक्षीदार.

-----

तेहरानी_पोहे | रविवार, सकाळी ११:३०

+१. हसन सब्बाह १०९० मध्ये वर गेला तो ११२४ मध्ये मरेपर्यंत खाली उतरला नाही म्हणतात. इतक्या वर्षांत घराबाहेर फक्त दोनदा, तेही गच्चीवर. आणि किल्ला त्याने लढून घेतलाच नाही! आपली माणसं आधी आत पेरली, मग जुन्या किल्लेदाराच्या हातात ३००० सुवर्ण दिनारांची हुंडी ठेवली आणि निरोप दिला.

-----

गडवेडा | रविवार, दुपारी १२:००

फितुरी करून वर पावती! पण हे इस्माइली स्वतः किल्ल्याला काय म्हणायचे? गरुड चालू ठेवला की बदललं?

-----

शब्दवेल्हाळ | रविवार, दुपारी १२:४५

जुनं नाव चालूच राहिलं. पण त्यांच्यात 'बलदत अल-इक्बाल' असंही म्हणत, भाग्याची नगरी. वेढ्यात, उपासमारीत सगळे किल्ला सोडायच्या बेतात होते, तेव्हा 'इथेच राहा, इक्बाल इथेच आहे' असा इमामाचा निरोप हसनने सांगितला, त्यावरून. उलट बाहेरचे लोक यांना मुलाहिदा म्हणत, म्हणजे पाखंडी, आणि मार्को पोलोने मुलुखाचं नाव म्हणून तेच कानावर पडेल तसं लिहून टाकलं. आतले म्हणणार भाग्यनगरी, बाहेरचे म्हणणार पाखंड्यांचा देश. मौत तेवढी कुणीच म्हटलेली नाही.

-----

खट्याळ_मुनी | रविवार, दुपारी ३:१०

शेवटची शंका, मग मी शस्त्र खाली ठेवतो. 'गरुडाने शिकवलं' हे वाक्य झालं. किल्ल्याचं नाव असं क्रियापदात कोण ठेवतं? दिज म्हणजे गड, कोह म्हणजे डोंगर, त्यावरून मैमूनदिज, गिर्दकोह ही त्यांच्या इतर किल्ल्यांची नावं समजतात. अमुक गड, तमुक डोंगर. यातच एकदम 'शिकवलं' कसं?

-----

शब्दवेल्हाळ | रविवार, दुपारी ४:२०

वाक्य नाही, समास आहे. तृतीया तत्पुरुष. गरुडशिक्षित, गरुडाने शिकवलेला, दाखवून दिलेला. आपण देवदत्त म्हणतो तेव्हा 'देवाने दिलं' असं वाक्य बोलतो का? त्याचा फारसी जुळा तर फार प्रसिद्ध आहे, खुदा अधिक दाद (दिलेला), खुदादाद. टिपू आपल्या राज्याला सल्तनत-ए-खुदादाद म्हणवत असे. कर्ता आणि त्याला चिकटलेलं भूतकाळी रूप, नेमका आलुह-आमूतचा साचा.

-----

खट्याळ_मुनी | रविवार, दुपारी ४:३२

थांबा थांबा. आमच्या दादरचं खोदादाद सर्कल?

-----

शब्दवेल्हाळ | रविवार, दुपारी ४:३५

तेच. पारशी उच्चार खोदादाद.

-----

खट्याळ_मुनी | रविवार, दुपारी ४:५०

तीस वर्षं तिथे बस बदलली आणि मी समजत होतो कुठल्यातरी खोदकामावरून नाव पडलंय. शस्त्र खाली.

-----

चौकस_बाळू | रविवार, रात्री ९:१५

सर्वांचे आभार. आज जेवताना भाच्याला सगळं सांगितलं, अबजदची बेरीज ताटाशेजारी कागदावर मांडून दाखवली. ४८३ आल्यावर "शप्पथ!" म्हणाला. मग थोडा वेळ भात कालवत बसला आणि विचारलं, "पण मामा, गरुडाने शिकवलं म्हणजे कुणाला? पिलांना की राजाला?"

ताई, जमेल तेव्हा लिहा. पोरगं उद्या सकाळच्या गाडीने जातंय.